माद्रिदचा पान आणि वॉर्सॉचे पान

माझा भाचा गेल्या वर्षी नोकरीसाठी पोलंडमधल्या व्रोत्सवाफला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याला एक पत्र आलं, मायना होता 'शानोव्नी पान्ये'. फोनमधल्या भाषांतरानं सांगितलं, 'माननीय महोदय'. गडी खूश. पोलिशचा पहिला शब्द पदरात पडला होता: पान्ये म्हणजे महोदय. दोनच दिवसांनी एका हॉटेलात हात धुवायला गेला, तर समोर दोन दारं. एकावर 'पानोव्ये', दुसऱ्यावर 'पान्ये'. त्यानं ओळखीचा शब्द गाठला आणि दार ढकललं. आत आरशासमोर दोन बायका केस विंचरत उभ्या. रात्री मला फोन: "मामा, पत्रात मी महोदय होतो ना? मग दारावर बाई कसा झालो?"

पोलिशमध्ये 'पान' म्हणजे गृहस्थ, साहेब, पूर्वीच्या काळी जमीनदार. त्याला हाक मारायची तर संबोधनात 'पान्ये' होतं, आपण देवाला 'देवा' म्हणतो तसं. बाईमाणसाला 'पानी' म्हणतात, आणि पानीचं अनेकवचनही 'पान्ये'च. म्हणजे एकच रूप पत्रात पुरुषाची हाक आणि दारावर बायकांची पाटी. पुरुषांचं दार 'पानोव्ये'चं. पोलिश माणसाला यात काडीचा गोंधळ वाटत नाही, कारण तो दारावर मायना वाचत नाही.

या 'पान'ची आणखी एक गंमत आपल्याला चटकन कळेल. अनोळखी माणसाला पोलिशमध्ये 'तू' म्हणत नाहीत, आणि 'तुम्ही'ही म्हणत नाहीत. त्याच्या तोंडावर, त्याच्याचबद्दल, तिसरंच कोणी असल्यासारखं बोलतात. "चि पान मूवी पो पोल्स्कु?" शब्दशः पाहिलं तर "साहेब पोलिश बोलतात का?" आणि साहेब समोरच उभे. आपल्याकडे जुन्या वाड्यांत "रावसाहेब आत्ताच जेवणार का?" असं रावसाहेबांनाच विचारत, तीच तऱ्हा. पान आणि पानी यांचं मिळून 'पान्स्त्फो' होतं, म्हणजे पतिपत्नी किंवा जमलेली मंडळी. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ राज्य, शासनसंस्था. तरुण अविवाहित मुलगी 'पान्ना', आणि राशीचक्रातली कन्या रासही तीच. शेजारच्या चेक भाषेत 'पानेन्का' म्हणजे बाहुली. फुटबॉल पाहणाऱ्यांना हा शब्द आधीच माहीत असेल. 1976 च्या युरोपियन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात आंतोनीन पानेन्कानं पश्चिम जर्मनीविरुद्ध पेनल्टी घेताना गोलरक्षकाला एका बाजूला झेपावू दिलं आणि चेंडू अलगद मधोमध टाकला. तशा पेनल्टीला आज जगभर पानेन्का म्हणतात. आडनावाचा अर्थ बाहुली, आणि फटकाही तसाच, बाहुलीला उचलून ठेवावं इतका हळुवार.

भाच्याचं समाधान झालं, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुण्यात कधीकाळी मी सहा महिने स्पॅनिशच्या वर्गाला जात होतो. तिथल्या पहिल्या पंधरा शब्दांत एक होता 'एल पान', म्हणजे पाव. उच्चार अगदी आपल्या पानासारखा. मग वॉर्सॉचे पान आणि माद्रिदचा पान एकमेकांचे कोण?

कोणीच नाहीत. दोन पाटील भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत. एक सांगलीचा असेल, दुसरा खानदेशातला, आणि दोघांचे खापरपणजोबा एकमेकांना ओळखतही नसतील. नातं लावायचं तर गाव, कूळ, पिढ्या बघाव्या लागतात. शब्दांचंही तसंच. शब्दाच्या चेहऱ्यावर जाऊ नये, त्याची भावंडं कोण आहेत ते बघावं.

स्पॅनिश पानाची भावंडं सहज सापडतात. लॅटिनमध्ये पावाला 'पानिस' म्हणत. त्याचं इटालियनमध्ये झालं 'पाने', फ्रेंचमध्ये 'पँ', रोमानियनमध्ये 'पुइने'च्या जवळपासचं काहीतरी, आणि पोर्तुगीजमध्ये 'पांव'. हे फरक वाटेल तसे झालेले नाहीत. लॅटिनमधला हात म्हणजे 'मानुस' घ्या. स्पॅनिशमध्ये 'मानो', फ्रेंचमध्ये 'मँ', पोर्तुगीजमध्ये 'मांव'. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'न' पोर्तुगीजांनी गिळला आणि त्याची आठवण नाकात ठेवली. असा नियम एकदा सापडला की नातं पक्कं. आपल्याकडेही बघा, कर्णाचा झाला कान, पर्णाचं झालं पान. आपलं पान हे असं पर्णातून आलेलं, त्यामुळे माद्रिद आणि वॉर्सॉ दोन्हीकडे ते परकंच.

पोर्तुगीजांचा 'पांव' मात्र थेट आपल्या ताटात आलेला आहे. 1510 मध्ये ते गोव्यात स्थिरावले, आणि बटाटा, चावी, पगार या शब्दांबरोबर पावही आपल्या तोंडी बसला. पावाला पाव का म्हणतात याच्या दोन कहाण्या मी लहानपणापासून ऐकत आलोय. एक, लादीचा चौथा भाग म्हणून पाव. दुसरी, कणीक पायानं तुडवतात आणि हिंदीत पायाला पाँव म्हणतात म्हणून पाव. दुसरी कहाणी सांगणाऱ्या आमच्या एका काकूंनी जन्मभर वडापाव खाल्ला नाही. दोन्ही कहाण्या निव्वळ रचलेल्या. शब्द पोर्तुगीज आहे, आणि त्याला साक्षीदार म्हणून गोव्याचा पोदेर उभा आहे. पहाटे सायकलला टोपली बांधून, भोंगा पों-पों वाजवत येणारा पोदेर म्हणजे पोर्तुगीज 'पादेइरु', पाववाला. त्याच्या टोपलीत पोय असते, उंडो असतो. यीस्टच्या पुड्या नव्हत्या तेव्हा हे पाव माडाच्या सुरेनं आंबवत. पोदेर या शब्दातही तोच पानिस आहे, फक्त मधला 'न' गिळला गेल्यामुळे ओळखू येत नाही. पोर्तुगीज जहाजं पुढे जपानलाही पोहोचली, आणि जपानी माणूस आजही पावाला 'पान'च म्हणतो.

हा पाव आणखी एका ठिकाणी लपून बसलाय, जिथं कोणी त्याला शोधणार नाही. 'कंपनी' या शब्दात. उत्तरकालीन लॅटिनमधला 'कोम्पानियो' म्हणजे सह-पानिस, जो आपल्याबरोबर पाव खातो तो, एका पंगतीचा. त्यावरून इंग्रजीतला कंपॅनियन आला, कंपनी आली, आणि 1600 मध्ये लंडनला सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी आली. आपल्या पूर्वजांनी तिला 'कंपनी सरकार' म्हटलं. जिच्या नावातच एकत्र बसून जेवणं आहे तिनं इथं पंगतीत कोणाला बसवलं नाही, ही गोष्ट वेगळी. त्यापेक्षा आपली जुनी नाटक कंपनी शब्दाला जागली. तिथं राजापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळे एकाच मुदपाकखान्यातलं जेवत.

आता इंग्रजी 'पॅन'. फ्रायिंग पॅन, सॉसपॅन, आपल्या ओट्यावरचा नॉनस्टिक पॅन. साहजिक वाटतं की पाव भाजायचं भांडं ते पॅन, म्हणजे पानिसचाच कोणीतरी. मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटत होतं. पण इथं एक नियम आडवा येतो, आणि तो नियम समजला की युरोपातल्या निम्म्या शब्दांकडे बघायची नजर बदलते.

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या एका घराण्यातल्या भाषा. फार पूर्वी, लिहिणं सुरू होण्याच्याही आधी, या घराण्यात जुन्या 'प'चा 'फ' झाला. संस्कृत आणि लॅटिनमध्ये 'प' तसाच राहिला. म्हणून आपला पितृ, लॅटिनचा पातेर, पण इंग्रजीचा फादर. आपला पाद, इंग्रजीचा फूट. 1822 मध्ये याकोब ग्रिमनं हे नियम म्हणून नीट मांडलं. हा ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला. याच नियमानं आपल्या पर्णाचा इंग्रजीतला खरा चुलतभाऊ सापडतो, तो म्हणजे 'फर्न'. कुंडीत लावतो तो नेचा. विड्याचं पान आणि फर्न हे सख्खे नातेवाईक, आणि पान आणि पॅन यांची ओळखदेखील नाही.

मग पानिसचा नातेवाईक इंग्रजीत कोण? 'प'चा 'फ' करा. 'फूड'. बहुतेक अभ्यासक पानिस आणि फूड दोन्ही एकाच जुन्या धातूवरून लावतात, ज्याचा अर्थ राखणं, पोसणं, चारणं. त्याच धातूतून लॅटिनचा 'पास्तोर' म्हणजे मेंढपाळ येतो आणि संस्कृतचा 'पा' येतो, रक्षण करणे. गाईंना राखतो तो गोप, माणसांना राखतो तो नृप. वडापावातला पाव आणि नृप एका कुळातले निघाले, हे वाचून मी तरी दोन मिनिटं पुस्तक मिटून बसलो होतो.

मग 'पॅन'मधला 'प' अजून 'प'च कसा? कारण तो घरचा नाही, बाहेरून आलेला आहे. 'प'चा 'फ' होऊन गेल्यानंतर रोमन लोकांकडून हा शब्द जर्मानिक भाषांनी उसना घेतला. लॅटिनमध्ये पसरट, उथळ भांड्याला 'पातिना' म्हणत. त्याचं बोलीत आखडून पॅन झालं, असं बहुतेकांचं मत आहे. तो कधी घेतला याचाही अंदाज बांधता येतो. दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये साधारण सहाव्या ते आठव्या शतकांत पुन्हा एकदा उलथापालथ झाली आणि शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'चा 'प्फ' झाला. इंग्रजीत पेपर, जर्मनमध्ये 'प्फेफर'. इंग्रजीत पाउंड, जर्मनमध्ये 'प्फुंड'. आणि इंग्रजीत पॅन, जर्मनमध्ये 'प्फाने'. म्हणजे दुसरी लाट आली तेव्हा पॅन जर्मन स्वयंपाकघरात हजर होता, पहिलीच्या वेळी नव्हता. दोन पुरांच्या खुणा भिंतीवर असाव्यात आणि कोणतं घर कधी बांधलं ते त्यावरून कळावं, तसं हे. (मिऱ्याचा पेपर हा मूळचा आपल्या पिप्पलीवरून गेलेला, पण ती वेगळी कथा.)

पातिनाचं एक धाकटं रूप होतं, 'पातेल्ला', छोटी ताटली. आपलं पातेलं आठवलं ना? मलाही आठवलं, पण वर पाटलांबद्दल काय म्हटलं ते ध्यानात ठेवून गप्प बसलो. या पातेल्लाचं स्पेनच्या वालेन्सिया भागात झालं 'पायेया'. आज पायेया म्हणजे केशर घातलेला भाताचा पदार्थ, पण मुळात ते त्याच्या पसरट कढईचं नाव. आपण हॉटेलात 'एक चिकन हंडी' मागवतो आणि हंडी खात नाही, तसंच. तोच पातेल्ला डॉक्टरांच्या तोंडी 'पटेला' म्हणून आला, गुडघ्यावरचं गोल हाड. आपण त्याला काय म्हणतो? गुडघ्याची वाटी. रोमन माणसाला गुडघ्यावर ताटली दिसली, आपल्याला वाटी दिसली. एकानं दुसऱ्याचं ऐकलं असण्याची शक्यता शून्य.

स्वीडिशमध्ये तर पॅनचा 'पन्ना' झाला आणि त्याचे अर्थ तवा, बॉयलर आणि कपाळ! नॉर्वे-डेन्मार्कमध्येही तेच, एकाच शब्दानं आम्लेटही होतं आणि कपाळही दुखतं. मेंदू ज्या भांड्यात ठेवलाय ते भांडं म्हणजे कवटी, आणि कवटीचा समोरून दिसणारा भाग म्हणजे कपाळ, अशी ती वाट. विचित्र वाटतं? मग आपल्याच 'कपाळ' शब्दाकडे बघा. संस्कृतमध्ये 'कपाल' म्हणजे वाडगा, मातीच्या भांड्याचं खापर, आणि कवटी. यज्ञात पुरोडाश भाजायचा तो कपालांवर. अग्नीचा पुरोडाश आठ कपालांवर भाजलेला, म्हणून 'अष्टाकपाल'. म्हणजे कपाल हा अक्षरशः पॅन होता, त्यावर पिठाची जाड भाकरी भाजली जायची. तोच शब्द मराठीत येईपर्यंत कुंकू लावायची जागा झाला. फ्रेंचांनीही हेच केलं. लॅटिनमधला 'तेस्ता' म्हणजे मातीचं भांडं, त्याचं फ्रेंच 'तेत' झालं, डोकं. जर्मन 'कोप्फ' म्हणजे डोकं, पूर्वी पेला. माणसाच्या डोक्याला मडकं म्हणायचा मोह कोणत्याच भाषेला आवरलेला दिसत नाही.

'पन्ना'वर आलोच आहोत तर इटालियन 'पान्ना' राहायला नको. ती दुधावरची साय, मलई. पान्ना कोत्ता म्हणजे शिजवलेली मलई. एकाच स्पेलिंगची पाटी वॉर्सॉत मुलगी, रोममध्ये मलई आणि स्टॉकहोममध्ये तवा.

आता ग्रीक. इथं 'पान' म्हणजे सर्व. हा शब्द रोजच्या बोलण्यात एकटा फारसा भेटत नाही, पण विद्वानांच्या शब्दांना पुढून चिकटलेला असतो. पँडेमिक, सर्व लोकांत पसरलेला. पॅनोरमा, सर्व दिसणारं. हा पॅनोरमा शब्द रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराच्या गोलाकार चित्रांसाठी घडवला गेला. 1793 मध्ये त्यानं लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उघडली. प्रेक्षक मधोमध उभा राहायचा आणि भोवती चित्र. कॅमेरावाले 'पॅन कर' म्हणतात तो या पॅनोरमाचा शेपूट तुटलेला तुकडा. स्वादुपिंड म्हणजे पँक्रियास, सर्व मांस, कारण त्यात हाड नाही की कूर्चा नाही. पण म्हणून इंग्रजीत जिथं पॅन दिसेल तिथं ग्रीक शोधू नये. पॅनकेकमध्ये तवा आहे. आणि पँट्री? भांडी ठेवायची खोली म्हणून त्यातही तवाच असणार असं वाटतं, पण नाही, तिथं फ्रेंचांचा पाव आहे. पाव ठेवायची खोली ती पँट्री.

ग्रीकांचा एक देवही 'पान'. कमरेखाली बोकड, हातात पावा (हा पावा निराळा), राहणार आर्केडियाच्या डोंगरात. भर दुपारी रानात काही कारण नसताना गुरं उधळतात, माणसाच्या अंगावर काटा येतो, ते या पानाचं काम, अशी समजूत. त्या भीतीला त्याच्या नावावरून जो शब्द पडला तो आज आपल्या घराघरांत आहे: "अगं, पॅनिक होऊ नकोस." हेरोदोतसनं लिहून ठेवलंय की इसवी सनापूर्वी 490 मध्ये, मॅरेथॉनच्या लढाईच्या तोंडावर, अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला धावलेल्या दूताला वाटेत डोंगरात पान भेटला आणि म्हणाला, मी तुमच्या उपयोगी पडतो, तरी तुम्ही मला विचारत का नाही? लढाई जिंकल्यावर अथेन्सकरांनी त्याला अक्रोपोलिसच्या पायथ्याशी जागा दिली.

ग्रीक लोक स्वतः या नावाचा अर्थ 'सर्व' असाच लावत. सर्वांना आवडला म्हणून पान, असं एका जुन्या स्तोत्रात आहे. पण हे आपल्या पायानं तुडवलेल्या पावासारखंच असावं. 1924 मध्ये हेर्मान कोलिट्स या अभ्यासकानं पानचं नातं ऋग्वेदातल्या पूषन् देवाशी जोडलं. पूषन् रस्ते राखतो, हरवलेली गुरं शोधून देतो, आणि त्याच्या रथाला घोडे नाहीत, बोकड आहेत. हे नातं सगळ्यांना मान्य नाही. पण मानलं, तर मूळ धातू तोच, राखणं आणि चारणं, म्हणजे ग्रीकांचा देव आणि रोमनांचा पाव पुन्हा एका गोठ्यात येतात.

फ्रेंच 'पाँ' पटकन उरकतो. भिंतीचा किंवा कापडाचा सलग तुकडा, आणि तो लॅटिन 'पान्नुस' म्हणजे कापड यावरून. त्यातूनच खिडकीच्या काचेला इंग्रजीत पेन म्हणतात आणि टीव्हीवर चर्चेला पॅनेल बसतं.

पोलिश 'पान' कुठून आला हे मात्र अजून पक्कं ठरलेलं नाही. जुन्या चेकमध्ये त्याचं रूप 'ह्पान' असं होतं, आणि पुष्कळ जण त्याला 'झुपान' म्हणजे परगण्याचा प्रमुख या स्लाव शब्दाशेजारी ठेवतात. पावाशी संबंध नाही, एवढं नक्की. पावाला पोलिश शब्द 'ख्लेब', आणि तोसुद्धा जर्मानिक लोकांकडून उसना घेतलेला असं बहुतेक मानतात. इंग्रजीतला 'लोफ' तोच. आणि इंग्रजीतला 'लॉर्ड' उकलून पाहिला तर जुन्या इंग्रजीत तो 'ह्लाफ-वेआर्द' आहे, लोफ राखणारा. 'लेडी' म्हणजे लोफची कणीक मळणारी. म्हणजे जमीनदाराच्या नावात पाव शोधायचाच असेल, तर तो पोलंडच्या पानात मिळणार नाही, इंग्लंडच्या लॉर्डात मिळेल.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तासभर ऐकून तो म्हणाला, "मामा, काल बेकरीत गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, 'त्सो द्ला पाना?' मी म्हटलं, आली ही पाव विकायला, पान म्हणतेय." ती म्हणत होती, साहेबांना काय देऊ. बेकरीभर ख्लेब रचलेला होता, आणि पान तेवढा काउंटरच्या अलीकडे उभा होता.